कंस सुरू, कंस पूर्ण

गेल्या रविवारी पुतणीने माळ्यावरून बुटांचं एक जुनं खोकं खाली काढलं. घर बदलायचंय, त्यामुळे रोज काही ना काही निघतंय. झाकण उघडून तिने विचारलं, “काका, या कॅसेट टाकून द्यायच्या ना?” मी हात पुढे केला. डबीवर चिकटवलेली ब्रेलची पट्टी बोटाला लागली. टिंबं बरीच झिजली होती, तरी वाचता आली. इतिहास, तीन, ब.

अशा चौतीस कॅसेट आहेत आणि सगळ्यांत एकच आवाज आहे. तो आवाज नसता तर मी बी.ए. झालो नसतो, बँकेत लागलो नसतो. त्या काकूंबद्दल आणि त्यांच्यासारख्या आणखी काही माणसांबद्दल मला बरीच वर्षं लिहायचं होतं, ते आज लिहितोय. नावं मात्र घालणार नाही. जे हयात आहेत त्यांनी तशी अटच घातलीय, आणि ज्या गेल्या त्यांनाही ते रुचलं नसतं.

मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावचा. लहानपणी दिवे लागणीच्या वेळी गुरं घरी आणताना ठेचकाळायचो. आईला वाटायचं, पोरगं धांदरट आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. त्यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेकडेचं जातं, शेवटी नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरतं. माझं तेही बाराव्या वर्षी गेलं. तोवर अंधशाळेत ब्रेल शिकलो होतो. पाटीत कागद अडकवायचा, उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. सहा टिंबांत सगळी बाराखडी बसते. सातवीपर्यंतची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळाली. पुढे गावच्या हायस्कुलात आलो आणि दोन प्रश्न मागे लागले ते शिक्षण संपेपर्यंत सुटले नाहीत. पुस्तक वाचून कोण दाखवणार आणि पेपर कोण लिहिणार?

पेपर लिहिणाऱ्याला सरकारी कागदावर ‘लेखनिक’ म्हणतात. आम्ही आपसात ‘रायटर’ म्हणतो. फेब्रुवारी उजाडला की आमच्यातले दोघे भेटले तरी पहिला प्रश्न हाच असतो, “रायटर मिळाला का?” अभ्यास झाला का, हे त्यानंतर.

दहावीला माझा रायटर होता आमच्याच शाळेतला नववीचा मुलगा. बोर्डाचा नियम असा की लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा. मार्चचा महिना, ज्वारीची काढणी चाललेली. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे काय, ते त्या काळ्या रानात उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. घरातला प्रत्येक हात त्या दिवसांत शेतात लागतो. त्याच्या वडलांकडे माझे वडील गेले, उंबऱ्याबाहेरच बसले. म्हणाले, “सात दिवस पोरगं द्या.” त्यांनी दिलं. एसटीने रोज तालुक्याला जायचं, तीन तासांहून जास्त लिहायचं, परत यायचं आणि उरलेल्या उजेडात कणसं मोडायची. भूमितीच्या पेपरला मी तोंडाने सांगायचो, “कंपास टोकावर ठेव, साडेचार सेंटिमीटर उघड,” आणि तो काढायचा. त्याच्या बोटांना कुळवाचे घट्टे होते. पहिल्या दिवशी हात मिळवला तेव्हा वाटलं, माझ्याहून मोठाच असेल कुणी. चौदा वर्षांचा होता. आता ट्रॅक्टर चालवतो. गावी गेलो की भेट होते, पण या विषयावर आम्ही कधीच बोललेलो नाही. बोलायला गेलो तर तो पावसाचं विचारतो.

बारावीनंतर, १९९८ साली, मी पुण्याला आलो. विषय घेतला इतिहास, आणि महिनाभरातच कळलं की केवढी उडी मारलीय. कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हतीच. असती तरी ठेवली कुठे असती? साधं तीनशे पानांचं पुस्तक ब्रेलमध्ये आणलं की त्याचे चार-पाच जाडजूड खंड होतात. संगणक बोलतो असं ऐकून होतो, ऐकला नव्हता. त्यामुळे एकच वाट उरली होती, कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि मी ऐकायचं.

नारायण पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर, काकू राहायच्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर ट्रंक कॉल जोडलेले. माझ्या खोलीमालकांच्या ओळखीतून त्यांच्यापर्यंत पोचलो. त्यांनी एवढंच विचारलं, “आठवड्यातून किती तास लागतील?” मी भीत भीत सांगितलं, सहा. म्हणाल्या, “सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारी दोन ते चार. जिन्याच्या नऊ पायऱ्या आहेत, सातवी मोडकी आहे, तेवढी सांभाळ.” मी पुण्यात आल्यापासून इतकी उपयोगाची माहिती इतक्या कमी शब्दांत मला कुणी दिली नव्हती.

तीन वर्षं हे चाललं. वाचन कसं करावं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण टेलिफोनमधल्या बाईचा कान तयार असतो. अक्षर तुटलं तर पलीकडच्याचा कॉल फुकट जातो, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. परकं नाव आलं की आधी सलग म्हणायच्या, मग अक्षरं फोडून सांगायच्या, “‘प’ पतंगाचा, ‘ल’ लसणाचा.” तळटीप आली की आवाज अर्धा सूर खाली जायचा, म्हणजे मला कळायचं की हे मूळ मजकुरातलं नाही. अवतरण संपलं की क्षणभर थांबायच्या. कंस आला की “कंस सुरू” आणि “कंस पूर्ण” असं स्वच्छ सांगायच्या. डोळ्यांनी वाचणाऱ्याला कंस म्हणजे काहीच नाही, नजर त्यावरून घसरते. ऐकणाऱ्याला कंस सांगितला नाही तर वाक्याचा कर्ताच हरवतो. मी पहिल्या दिवशी एकदाच विचारलं होतं, “हे कंसात आहे का?” त्यानंतर तीन वर्षांत एकही कंस सुटला नाही.

आणि त्या स्वतःचं काही घालायच्या नाहीत. हे किती अवघड आहे, ते दुसऱ्याला वाचून दाखवणाऱ्यालाच कळेल. गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीचा भाग आला तेव्हा त्यांचा आवाज जरा घोगरा झाला. वाचत राहिल्या. पाणी प्यायल्या, पुढचं पान वाचलं. नंतर मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं की सातारकडचं त्यांचं माहेरचं घर त्यात जळालं होतं. मी धीर करून एकदा विचारलंच, “काकू, तुम्हाला त्या प्रकरणाबद्दल काय वाटतं?” म्हणाल्या, “पेपर तुझा आहे बाळा. माझं मत मी बाहेर ठेवलंय, चपलांपाशी. जाताना घालीन.”

दुसऱ्या वर्षी त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. माझा अभ्यास रात्री व्हायचा आणि त्यांची सवड दुपारची, म्हणून. कोऱ्या कॅसेट मी अप्पा बळवंत चौकाजवळून आणायचो, नव्वद मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. सुरुवातीला विषय, प्रकरण आणि पान क्रमांक. बाजू संपत आली की वाक्य अर्ध्यावर तुटू नये म्हणून त्या अंदाज घेऊन परिच्छेदापाशीच थांबायच्या. पाठीमागे कुकरची शिट्टी असायची, खाली भाजीवाल्याची हाळी. शिट्टी झाली की त्या थांबायच्या आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचायच्या. म्हणून माझ्या डोक्यात अजूनही माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, १९१९, हे दोनदा येतं.

एक वस्तू मात्र मी अजून जपून ठेवलीय. पहिल्या वर्षी भूगोलाचाही पेपर होता आणि नद्या काही केल्या डोक्यात बसत नव्हत्या. कुठली कुठून निघते ते पाठ होतं, पण एकीपासून दुसरी किती लांब, कुठली वर, कुठली खाली, याचं चित्रच नव्हतं. एका शुक्रवारी गेलो तर काकूंनी माझा हात धरून टेबलावरच्या पुठ्ठ्यावर ठेवला. फेव्हिकॉलने सुतळ्या चिकटवलेल्या होत्या. वर जाड सुतळी म्हणजे गोदावरी, खाली कृष्णा, मधे भीमा. सह्याद्रीसाठी हरभऱ्याची डाळ, ओळीने, पालथी. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, महाबळेश्वर या तीन ठिकाणी एकेक शिवणाचं बटण. “बटणापासून बोट सोड आणि सुतळीवरून जा,” म्हणाल्या. मी भीमाशंकरपासून निघालो. बोट खाली, आग्नेयेला जात राहिलं. पंढरपूरपाशी सुतळीला बाक दिला होता, चंद्रकोरीसारखा. तिथून थोडंसं पुढे, नदीच्या उजव्या हाताला, साबुदाण्याचा एक दाणा लागला. मी विचारलं, “हे काय?”

“ते तुझं गाव.”

गावातून निघून अंधशाळेत, अंधशाळेतून गावात, गावातून पुण्यात, इतका प्रवास झाला होता माझा, पण मी नेमका कुठला ते त्या दिवशी पहिल्यांदा बोटाला लागलं. पुठ्ठ्याला आता बुरशी धरलीय, डाळ बरीचशी गळून गेली. साबुदाणा आहे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. चांगल्या मनाने मदतीला येणारी सगळीच माणसं अशी नसतात. कॉलेजच्या पहिल्या सहामाहीला मला एक हुशार रायटर मिळाला. मी चार वाक्यं सांगायचो, तो सहा लिहायचा. मला वाटलं, माझंच बोलणं लांबतंय. गुण भरपूर पडले. सरांनी वर्गात उत्तर वाचून दाखवलं तेव्हा त्यातले दोन मुद्दे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांत बसवेना. त्याने प्रेमानेच केलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या नावाचा पेपर माझा राहिला नाही, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर कॉपीचा ठपका माझ्यावर आला असता.

दुसऱ्या वर्षी उलटं घडलं. परीक्षेच्या सकाळी रायटरला ताप भरला. त्याच्या भावाने बदली मुलगी आणली, तीही नियमात बसणारी. पण अर्जावर फोटो वेगळा, म्हणून केंद्रावर ऐकलं नाही. मी मैदानातल्या कट्ट्यावर बसून राहिलो. आत घंटा झाली ती ऐकली. पेपर सुटल्याचीही ऐकली. एटीकेटी लागली आणि तो विषय ऑक्टोबरला पुन्हा दिला. त्या दिवशी काकूंकडे गेलो तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पोहे केले. मग पुस्तक काढलं आणि त्याच विषयाचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं.

आता त्या मुलीबद्दल, जिची आठवण मला सगळ्यात जास्त येते.

२००१ चा एप्रिल. तिसऱ्या वर्षाचे पेपर. रायटर म्हणून मिळाली अकरावीची एक मुलगी, हडपसरच्या बाजूला राहणारी, दोन बस बदलून यायची. तिची स्वतःची वार्षिक परीक्षा आठवड्यावर आलेली. आम्हाला बसायला वेगळी खोली देतात, कारण आमचा पेपर बोलून होतो. खोलीत आम्ही दोघं, एक पर्यवेक्षक आणि कुरकुरणारा पंखा. ती प्रश्न वाचायची ते फार छान. पूर्ण वाचायची, गुणांसकट. ‘खालीलपैकी कोणत्याही तीन’ हे शब्द घाईत गाळणारे रायटर असतात आणि मग आम्ही पाचही लिहीत बसतो. ती आधी सगळी प्रश्नपत्रिका सावकाश वाचून दाखवायची आणि विचारायची, “दादा, कुठून सुरू करू?”

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या समाजसुधारणेवर मोठा प्रश्न होता. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. रायटरचं पेन मला ऐकू येतं. बॉलपेन असेल तर कागदावर बारीक खरखर असते, आणि तिची एक लय लागते. मी म्हणालो, “जोतीराव फुले यांनी १८७५ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली.” खरखर थांबली. एक श्वास, फार तर दोन. मग पुन्हा सुरू झाली.

मला काहीच लक्षात आलं नाही. पुढचं सांगत गेलो.

पेपर झाल्यावर जिना उतरताना ती हळूच म्हणाली, “दादा, सत्यशोधकचं साल चुकलं. १८७३. तुम्ही आर्य समाजाचं सांगितलंत.”

बरोबर होतं तिचं. आर्य समाज मुंबईत १८७५ ला स्थापन झाला आणि सत्यशोधक समाज पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ ला. ज्या गावात बसून पेपर देत होतो त्याच गावातली घटना, आणि मी तीच चुकवली. मी विचारलं, “मग तू लिहिताना का नाही बदललंस? पर्यवेक्षकांना कळलंही नसतं.”

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. आम्ही खाली उतरलो, उन्हात आलो. मग म्हणाली, “पेपर तुमचा होता ना.” आणि जरा थांबून, “खूप वाटलं पण. हात थांबला माझा.”

“ऐकू आलं मला,” मी म्हणालो. हे मी खोटं बोललो. थांबलेलं ऐकलं होतं, पण ती कशासाठी थांबली ते समजलं नव्हतं.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी. उत्तर येतंय, पेन हातात आहे, बघणारं कुणी नाही, समोरचा माणूस आंधळा आहे. बदललं असतं तर माझं भलंच झालं असतं. तरी तिने माझी चूक माझ्याजवळ राहू दिली. मला लोकांनी आयुष्यात खूप काही दिलंय, रस्ता ओलांडून दिलाय, जागा दिलीय, सहानुभूती तर इतकी दिलीय की ठेवायला जागा नाही. पण बरोबरीने वागवणं म्हणजे काय ते त्या थांबलेल्या पेनाने दाखवलं. त्या पदवीवर नाव माझं आहे आणि ते खरं आहे, एवढं मी तिच्यामुळे ठामपणे म्हणू शकतो.

बसच्या भाड्याचे पैसे देऊ केले, घेतले नाहीत. उसाचा रस मात्र घेतला, बिनबर्फाचा, कारण घसा बसला तर उद्याचा प्रश्न वाचता येणार नाही. तिच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर होता. पुढे तो लागेनासा झाला आणि ती हरवली. बाई, हे वाचत असशील तर तुला १८७३ आठवेल.

नियमांचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय या माणसांचं मोल नीट कळायचं नाही. केंद्र सरकारने २०१३ मध्ये आणि मग २०१८ मध्ये दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावं, अशी अट २०१८ च्या सूचनांत होती. हेतू चांगला आहे, गैरप्रकार व्हायला नकोत. पण त्याचा परिणाम बघा. ज्यांच्याकडे वेळ आहे, शिक्षण आहे, मनापासून यायची तयारी आहे, ते निवृत्त लोक पदवीधर असतात, म्हणून पदवीच्या परीक्षेला चालत नाहीत. माझ्या वेळीही नियम तसाच होता. काकू मला तीन वर्षं वाचून दाखवू शकल्या, एक दिवस लिहू शकल्या नसत्या. म्हणजे शोधायची ती मुलं, आणि मुलांच्या परीक्षा त्याच महिन्यात. जो मुलगा रायटर म्हणून येतो तो स्वतःच्या अभ्यासाचे चार तास, जाण्या-येण्याचे दोन तास आणि सुजलेली बोटं घेऊन घरी जातो. गुणपत्रिकेवर त्याच्यासाठी रकाना नसतो.

सध्या हे जमवाजमवीचं काम आम्ही काही जण करतो. संस्था वगैरे नाही, नोंदणी नाही. माझ्याकडे ब्रेलमधली एक वही आहे, साठेक नंबर. जानेवारी संपला की बँकेतून आल्यावर रोज संध्याकाळी फोन लावायला बसतो. खरी अडचण पालकांची असते आणि मला त्यांचा राग येत नाही. एक आई म्हणाली, “अहो, तिची स्वतःची परीक्षा आहे.” खरंच होतं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, “ती ऐकत नाहीये. डबा दोघांचा देते.” यंदा त्या मुलीने पाच पेपर लिहिले.

लोक म्हणतात, आता काय, संगणक बोलतो, मोबाइल वाचून दाखवतो. खरंय. मी हे सगळं संगणकावर लिहितोय आणि एनव्हीडीए मला माझंच अक्षर न् अक्षर वाचून दाखवतोय. ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ते उभं केलं ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी. पण मराठी पुस्तक त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी पान न् पान स्कॅन करावं लागतं, मग त्या चित्राचा मजकूर करावा लागतो, आणि तिथे घोटाळा होतो. जुन्या छपाईतला ‘ख’ यंत्राला ‘रव’ वाटतो. खरे आडनावाचे गृहस्थ रवरे होतात. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’. ‘तो घर सोडून गेला’ हे ‘तो धर सोडून गेला’ असं ऐकू येतं. कादंबरीत चालवून घेता येईल, कायद्याच्या पुस्तकात नाही.

हे दुरुस्त करायला आमच्याकडे एक आजोबा आहेत. छापखान्यात जुळारी होते, खिळे जुळवायचे. आयुष्यभर अक्षरं उलटी वाचली, शिशाने नखं काळी झाली, मग ऑफसेट आलं आणि खिळे भंगारात गेले. वय चौऱ्याहत्तर. नातवाने संगणकावर अक्षर मोठं करून दिलंय. पहाटे पाच ते सात ते पुस्तकं तपासतात, आतापर्यंत किती झाली ते मोजलेलं नाही. पहिल्या भेटीत त्यांनी सेवेबद्दल वगैरे काही विचारलं नाही, थेट विचारलं, “हे कायद्यात बसतं का? छापखान्यात माणूस दुसऱ्याच्या मजकुराला परवानगीशिवाय हात लावत नाही.” मी सांगितलं, २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, आमच्यासारख्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करायला आता मुभा आहे. याच विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ ला झाला आणि त्याला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश आपला. “मग हरकत नाही,” म्हणाले आणि कामाला लागले.

आमची जोडी जमलीय. काही चुका कानाला लागतात, त्या मी धरतो. ऱ्हस्व-दीर्घ कानातून निसटतं, ते त्यांच्या डोळ्याला बोचतं. मागे एकदा रात्री दहाला त्यांचा फोन आला. मला वाटलं, काही दुखलं-खुपलं. म्हणाले, “पान एकशे बारा. ‘दिन’ आणि ‘दीन’. मी सकाळी दुरुस्त केलंय, पण रात्रभर चुकीचं तुझ्याकडे राहू नये म्हणून सांगितलं.”

काकूंचा सत्कार करावा असं आमच्या काही मुलांच्या मनात होतं. शाल-श्रीफळ, एक छोटा हॉल, एवढंच. त्या म्हणाल्या, “कधी आहे? बुधवार? बुधवारी दोन ते चार मी मोकळी नाही.” बुधवारी त्यांच्याकडे माझ्यानंतरची एक मुलगी यायची, मानसशास्त्राची. वार बदलतो म्हटलं तर विषयच बदलला. २०११ च्या पावसाळ्यात त्या गेल्या. मी पोचलो तेव्हा जिन्याची सातवी पायरी नवीन केलेली होती. पाय सवयीने तिच्यावरून उचलला गेला.

तर रविवारी पुतणीने कुठूनसा एक टेपरेकॉर्डर आणला, वायर जोडून आवाज संगणकात घ्यायला सुरुवात केली. “काका, मुलांना उपयोगी पडेल,” म्हणाली. रोज एक-दोन होतात. काही फिती चिकटल्यात, काहींचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येतो. इतिहास, तीन, ब, ही चांगली निघाली. इटलीचं एकीकरण. काकूंनी प्रकरण संपवलं, पान क्रमांक सांगितला आणि “बाजू ब समाप्त” म्हणाल्या. मी इतकंच ऐकायचो तेव्हा. समाप्त म्हटलं की बटण दाबून कॅसेट काढायची, कारण दुसरी लावायची घाई.

पुतणी चहा करायला गेली होती, म्हणून फीत तशीच चालू राहिली.

काकू बटण दाबायला विसरल्या होत्या. खुर्ची सरकली. तांब्यातून भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज. खाली कुणीतरी सायकल लावली. मग त्यांचाच आवाज, पण पुस्तक वाचण्यातला नाही, स्वतःशी बोलण्यातला, “गॅरिबाल्डी. गॅरि… गारिबाल्डी.” पान उलटल्याचा आवाज. “गॅ-रि-बाल्-डी. हं. शुक्रवारी पुन्हा नको अडखळायला.” बांगड्या वाजल्या. आणखी दोनदा ते नाव, एकदा सावकाश, एकदा सलग.

मग टक् झालं.